मोकळीक आणि पाण्याची खूण

आज बनारसहून बोलतोय. एप्रिल २०२२ संपत आलाय, ऊन मी म्हणतंय, आणि मागे जो कलकलाट ऐकू येतोय ना, तो घाटावरच्या गर्दीचा आहे. दोन वर्षांनी हा आवाज असा भरून आलाय.

गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, महाराष्ट्रानं करोनाचे सगळे निर्बंध उठवले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. केंद्रानंही ३१ मार्चनंतर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे निर्बंध पुढे वाढवले नाहीत. आपण हुश्श म्हणतोय तोच ६ एप्रिलला मुंबई महापालिकेनं सांगितलं, ‘एक्सई’ नावाच्या नव्या प्रकाराचा रुग्ण सापडला. केंद्राच्या तज्ज्ञांनी लगेच त्यावर शंका घेतली. सामान्य माणसानं काय समजायचं? आपण घाई केली का? की आता घाबरणंच सोडून द्यायचं? आज याच प्रश्नावर बोलू.

परवा घाटावर दोन माणसं भेटली. एक नाववाला. तो म्हणाला, “भैया, दोन वर्षांत नावेपेक्षा मीच जास्त बुडालो. आता पुन्हा बंदचं नाव काढू नका.” आणि एक आमच्या शेजारच्या काकू. ब्रह्माघाटाच्या बाजूला आपली मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गेले. काकू अजूनही दुहेरी मास्क लावून भाजी आणायला जातात आणि गल्लीतली पोरं हसतात. एकाला निर्बंधांची भीती, दुसरीला मोकळिकीची. आपण या दोघांना भांडायला लावतो. मला विचाराल तर दोघांचीही भीती खरी आहे.

काकूंची भीती कुठून आली ते आधी पाहू. फेब्रुवारी २०२१ आठवा. देशात रोजचे नवे रुग्ण दहा हजारांच्या आसपास आले होते. आपल्याला वाटलं, संपलं. मार्चमध्ये शिवरात्र झाली, होळी झाली. उत्तर प्रदेशात एप्रिलमध्ये चार टप्प्यांत पंचायत निवडणुका झाल्या. बनारस जिल्ह्याचं मतदान १९ एप्रिलला होतं. त्याच दिवसांत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटावर सरणासाठी रांगा लागत होत्या. ज्या गावात मृत्यूची सवय आहे, ते गावही गप्प झालं होतं. २५ एप्रिलला बनारस घराण्याचे पंडित राजन मिश्र दिल्लीत करोनानं गेले. मे महिन्यात बीएचयूच्या आवारात डीआरडीओनं तात्पुरतं रुग्णालय उभं केलं, त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं.

आता त्या विषाणूचा प्रवास बघा. फेब्रुवारीत आपल्या अमरावतीत रुग्ण अचानक वाढू लागले आणि तिथं पुन्हा टाळेबंदी लागली. विदर्भातल्या नमुन्यांमध्ये दिसलेल्या बदलांबद्दल २४ मार्चला केंद्रानं माहिती दिली. ‘डबल म्युटंट’ हा शब्द तेव्हाच आपल्या घराघरांत आला. त्याच कुळातल्या एका प्रकाराला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ‘डेल्टा’ असं नाव दिलं. बीएचयू आणि हैदराबादची सीसीएमबी ही संस्था, या दोघांनी मिळून बनारस आणि आसपासच्या भागातले नमुने तपासले. बहुतेक नमुने एप्रिलचे. त्यात चिंताजनक म्हणावेत असे किमान सात प्रकार सापडले, आणि त्यात डेल्टा ठळक होता. हे आपल्याला कळलं जूनमध्ये. म्हणजे सरणं विझल्यावर.

यात शास्त्रज्ञांचा दोष मी काढत नाही. नमुना घ्यायचा, जनुकक्रम वाचायचा, पडताळायचा, याला वेळ लागतोच. पण आपण निर्णय घेत होतो ते कशाच्या आधारावर? कालच्या आकड्यावर. आज लागण झालेला माणूस रुग्णालयात पोचतो तो आठवड्या-दीड आठवड्यानं. आकडा दिसेपर्यंत विषाणू दोन गल्ल्या पुढे गेलेला असतो.

मग सगळं बंदच ठेवायचं का? नाही. बंदनंही माणसं मोडतात. नाववाले, घाटावरचे पंडे, मदनपुऱ्यातले विणकर, यांच्या घरात त्या दोन वर्षांत काय शिजलं आणि काय शिजलं नाही, ते बनारसला ठाऊक आहे. आणि सगळं बंद किंवा सगळं उघडं, असे दोनच पर्याय असतात असंही नाही. जुलै २०२१ मध्ये कावड यात्रेचा प्रश्न आला. उत्तराखंडनं ती रद्द केली, उत्तर प्रदेशात होणार होती. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि मग इथेही ती रद्द झाली. त्याच महिन्यात आपली आषाढी होती. दहा मानाच्या पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या, मोजक्या वारकऱ्यांसह. पायी वारी चुकली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, पण पादुका पोचल्या. परंपरा तुटली नाही आणि गर्दीही झाली नाही. मधली वाट काढता येते. ती आधी ठरवावी लागते, इतकंच.

आता २०२२ मध्ये काय बदललं? विषाणू एका शरीरात शिरला की स्वतःच्या असंख्य नकला काढतो, आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याच्या पथ्यावर पडते, तोच नवा प्रकार. म्हणजे लागण जितकी जास्त, तितकी नव्या प्रकाराला संधी जास्त. नोव्हेंबरात इथे देवदिवाळीचे दिवे लागले, आणि आठवड्याभरातच, २६ तारखेला, ‘ओमिक्रॉन’चं नाव जाहीर झालं. जानेवारीत देशात रोज तीन लाखांवर रुग्ण सापडले. पण गेल्या एप्रिलसारखी प्राणवायूसाठी धावाधाव झाली नाही. मोठा फरक पडला तो लसीमुळे आणि आधी होऊन गेलेल्या लागणीमुळे. लस लागण रोखण्यात कमी पडली, तरी गंभीर आजार रोखण्यात पुष्कळ उपयोगी पडली. म्हणून आजची मोकळीक मला चुकीची वाटत नाही.

नव्या प्रकाराचं नाव ऐकलं की तीन प्रश्न विचारा. तो आधीच्यापेक्षा वेगानं पसरतो का? माणसं जास्त गंभीर आजारी पडतात का? आणि लसीनं मिळालेलं संरक्षण तो किती चुकवतो? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत नुसत्या अक्षरांना घाबरू नका. आणि उत्तरं मिळाली की कानाडोळा करू नका.

माझी तक्रार मोकळिकीबद्दल नाही. निर्बंध उठवले हे सांगितलं, पण ते कधी परत येतील हे कुणी सांगितलं नाही, ही तक्रार आहे. १८ एप्रिलला उत्तर प्रदेश सरकारनं लखनौ आणि दिल्लीजवळच्या सहा जिल्ह्यांत मास्क पुन्हा सक्तीचा केला. लगेच लोक म्हणाले, “पुन्हा सुरू झालं!” सरकारनं फसवलं असं वाटलं त्यांना. खरं तर रुग्ण वाढले तिथं मास्क आणि बाकी राज्य मोकळं, हे शहाणपणाचंच आहे. पण आधी सांगितलेलं नसलं की शहाणपणही लहरीपणा वाटतो.

हे कसं करायचं ते बनारसला गंगेनं शिकवलंय. राजघाटापाशी केंद्रीय जल आयोग पाणी मोजतो. इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२ मीटर. मध्ये बरोबर एक मीटर. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की नावा बंद होतात. दशाश्वमेधची आरती मागे सरकते, कधी छतावर होते. मणिकर्णिकेवर दहन वरच्या गच्चीवर होतं, हरिश्चंद्र घाटावर गल्लीत. पाणी उतरलं की पुन्हा सगळं खाली येतं. त्या नाववाल्याचं नुकसान तेव्हाही होतं. पण “गेल्या वर्षी पाणी ओसरलं होतं, मग परत कसं आलं?” असं तो विचारत नाही. खूण कुठे आहे हे त्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून तो वेळेत नाव वर ओढतो.

साथीलाही अशी जाहीर खूण हवी. इतक्या खाटा भरल्या की हे बंद, इतक्या रिकाम्या झाल्या की ते सुरू. आणि ज्याची नाव थांबेल, त्याच्या घरच्या चुलीची व्यवस्था काय, तेही त्याच कागदावर लिहिलेलं हवं. एक फरक मात्र आहे. गंगेचं पाणी डोळ्यांना दिसतं, विषाणू दिसत नाही. त्याची मोजपट्टी म्हणजे चाचण्या, सांडपाण्याची तपासणी आणि जनुकक्रम वाचणं. चाचण्या कमी झाल्या, घरच्या घरी किट वापरून निकाल कुणाला कळवलाच नाही, तर मोजपट्टीवर आपणच चिखल फासतो. मोकळीक दिली म्हणून मोजणं थांबवायचं नसतं. उलट मोजत राहिलो तरच मोकळं राहता येतं.

आता तुमच्या-माझ्या हातातलं. १० एप्रिलपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खासगी केंद्रांत खबरदारीचा डोस मिळतोय. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झाले असतील तर घ्या. घरातल्या ज्येष्ठांचा आधी बघा. रुग्णालयात, कोंदट खोलीत, भरलेल्या डब्यात मास्क लावा. घाटावरच्या मोकळ्या वाऱ्यात तुमची मर्जी. ताप-खोकला असेल तर चाचणी करा आणि लग्नाला जाऊ नका, यजमान रागावले तरी चालतील.

यंदा महाराष्ट्रातून, इंदूरहून, बडोद्याहून कितीतरी लोक काशीला येताहेत. काहीजण गेल्या वर्षी राहून गेलेलं आपल्या माणसाचं क्रियाकर्म करायला येतात. जरूर या. गाभाऱ्याच्या रांगेत म्हाताऱ्या आईला तासन् तास उभं करू नका, एवढं पाहा.

आणि आमच्या काकूंसारखं कुणी दुहेरी मास्क लावून दिसलं, तर हसू नका. त्या घाबरट नाहीत. पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या उंबऱ्यावर पाहिलंय.

तुमच्या गावात अशी खूण कुणी ठरवलीय का? नसेल तर नगरसेवकाला, सरपंचाला विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हालाही सांगा. काळजी घ्या. नमस्कार.