गुणगौरव आणि प्रवेशपरीक्षा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण दहावी-बारावीत चमकलेल्या मुलामुलींचा गुणगौरव करतो. ते योग्यच आहे. परंतु वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार आज केवळ त्या गुणांनी उघडत नाही, ही जाणीव आम्हां कार्यकर्त्यांना फार उशिरा झाली, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि तीत रानडे व भांडारकर उत्तीर्ण झाले, तेव्हा तीच परीक्षा उच्च शिक्षणाचे दार होती. आज वैद्यकासाठी 'नीट', अभियांत्रिकीसाठी राज्याची 'सीईटी', आणि प्रत्येकीची रीत निराळी. 2025 च्या नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवावयाचे होते. बरोबर उत्तरास 4 गुण, चुकल्यास 1 गुण वजा. बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी तीस बसले. त्याच वर्षीच्या सीईटीत चुकीबद्दल गुण कापले जात नव्हते. तेथे प्रश्न कोरा सोडण्यातच नुकसान होते. शिवाय तीत सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमास होता. आणि आपल्या घरांत तर अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजले जाते!

म्हणजे ज्ञानाइतकीच सवयही हवी. खासगी वर्गांची फी ज्यांना झेपते, त्यांना ती विकत मिळते. ज्यांना झेपत नाही, त्यांची मुले घड्याळ लावून पहिला पेपर सोडवितात तो प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशीच.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी बोलणे भाग आहे. पहिल्या खेपेस यश आले नाही, तर मुलाला आपण आणखी एक वर्ष देतो. मुलीला मात्र "मिळेल तेथे नाव घाल" असे सांगतो, नाही तर स्थळे पाहू लागतो. हा निकाल परीक्षेने दिलेला नसतो. तो आपण दिलेला असतो.

म्हणून आमची सूचना अशी : शाली आणि ढाली यांवरील खर्च निम्मा करावा. मंडळाच्या सभागृहात अकरावीपासूनच दर रविवारी सराव-परीक्षा घ्यावी. आपल्यातील शिक्षक, डॉक्टर व अभियंते यांनी आळीपाळीने येऊन मुलांच्या चुका समजावून द्याव्यात. पुन्हा परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या मुलींचे शुल्क विद्यार्थी-निधीतून भरावे. आणि शेजारपाजारची मुले आली, तर त्यांची ज्ञाती न विचारता त्यांनाही बसू द्यावे.

पुढील वर्षीच्या अहवालात ढाली किती वाटल्या याच्या आधी सरावास किती मुलेमुली आली तो आकडा छापला जावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.