टॉवर बंद, दंड किती?

आमच्या बचतगटात बैठक चुकवली की दहा रुपये दंड. सुरुवातीला सगळ्या वेळेवर यायच्या. मग आंब्याचा हंगाम आला, बागेत पेट्या भरायला मजुरी मिळू लागली, आणि बाया बैठकीआधीच शेजारणीकडे दहाची नोट देऊन मोकळ्या! शेवटी आम्ही ठरवलं, सलग तीन बैठका चुकवल्या तर कर्जाचा नंबर मागे जाईल. तेव्हा कुठे बैठक भरली.

हे आठवलं ते मोबाईलच्या टॉवरवरून. गेल्या पावसात गटातल्या एका मावशींच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ लागेना, ११२ पण लागेना. ११२ खरं तर दुसऱ्या कंपनीच्या रेंजवरही लागतो, पण आमच्या वाडीला टॉवरच एक. वीज गेलेली आणि टॉवरची बॅटरी उतरलेली. सुनेचा दीर टॉर्च घेऊन भर पावसात सड्यावर चढला, तिथून फोन लागला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास मावशी अजून विसरलेल्या नाहीत.

याला दंड नाही का? आहे. ट्रायने २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. आधी ५० हजार असलेला दंड आता १ लाखापासून १० लाखांपर्यंत नेला. जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर बिलात सूट, प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ.

पण आमची वाडी म्हणजे जिल्हा नव्हे. दर्जा मोजतात तो अख्ख्या सर्कलचा, आणि आपल्या सर्कलमध्ये गोवासुद्धा येतो. पुण्याकडचे टॉवर नीट चालले की आमचा बंद टॉवर सरासरीत बुडून जातो. शिवाय नैसर्गिक आपत्तीत सेवा बंद पडली तर ही भरपाई नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड झोडपलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. फोनची खरी गरज तेव्हाच होती ना? वारा कंपनीने आणला नाही, हे मान्य. पण जनरेटरला डिझेल भरून ठेवणं तर त्यांच्या हातात आहे.

मोठा दंड केला की सगळं सुधारेल, असंही आम्ही म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑप्टस कंपनीची सेवा बंद पडली, २,१४५ जणांचे तातडीचे फोन लागले नाहीत. दंड झाला १ कोटी २० लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपले साठ कोटींहून जास्त. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीचे तातडीचे कॉल पुन्हा अडकले. दंड सरकारजमा होतो, बॅटरी मात्र जुनीच राहते. म्हणून आमचं म्हणणं, हिशेब एकेका टॉवरचा आणि तासांचा व्हावा, आणि बॅटरी-डिझेलची तपासणी पावसाआधी मे महिन्यातच व्हावी.

आम्ही ग्रामसंघात एक वही घातली आहे. टॉवर कधी बंद पडला, कधी चालू झाला, कंपनीने कोणता तक्रार क्रमांक दिला, सगळं त्यात. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या. फोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तिथे अशी वही कामाला येते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ती ठेवणार आहोत. तुमच्या वाडीतही टॉवर बंद पडत असेल तर आजपासून लिहायला लागा, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.