टीबीचा उपचार घरी आला, आणि बाईचं काय?

आज आपण क्षयरोगाबद्दल, म्हणजे टीबीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेचं नाव एके काळी क्षयरोग्यांमुळेही दूरवर पोचलं होतं. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केलं. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही असंच आरोग्यधाम होतं. तेव्हा टीबीवर खात्रीचं औषध नव्हतं. मोकळी हवा, ऊन, विश्रांती, सकस खाणं आणि लक्ष ठेवायला नर्स, हाच उपचार. माणूस महिनोन्‌महिने घरापासून लांब राहायचा.

मग औषधं आली. १९५९ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की औषध नीट घेतलं तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामाइतकाच बरा होतो. तिथून छातीच्या डॉक्टरांचं काम बदललं. आता तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या टीबीला सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या.

पण उपचार घरी आला, तेव्हा नर्सचं काम कुणाकडे आलं? आपल्याकडेच. नवऱ्याला गोळी, सासऱ्यांना अंडं आपण आठवणीनं देतो. आणि बाईच आजारी पडली तर? ती पदर तोंडाला लावून खोकला दाबते, स्ट्रॉबेरीच्या रानात खुरपायला जाते, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. कुठे कुठे तर तिला माहेरी धाडतात. तिची नर्स आपल्या गटानं व्हायचं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, असं दिसलं की आशाताईंना सांगायचं आणि थुंकी तपासून घ्यायची. तापोळ्याकडच्या बाईला लाँचनं यावं लागतं, तर सोबत एकीनं जायचं. गोळ्यांनी लघवी लालसर-केशरी होते, घाबरायचं नाही. दोन महिन्यांत बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. अर्धवट सोडल्या तर पुढे त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. ते तिच्याच खात्यात येतात का, आणि डाळ, अंडी, शेंगदाणे तिच्याच ताटात पडतात का, हे बघायचं.

येत्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, की वही मिटण्याआधी एवढं विचारू या: कुणाचा खोकला रेंगाळलाय का गं?