वैधव्याने उघडलेले कारखान्याचे दार



औद्योगिक क्रांतीचा विचार करताना कारखानदार म्हणजे पुरुष, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीला छेद देणारे चरित्र आहे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या रिबेका ल्यूकन्स यांचे.

त्यांचा जन्म १७९४ चा. वडील आयझॅक पेनॉक लोखंडाचे कारखानदार. ब्रँडीवाइन नदीकाठचा त्यांचा कारखाना जावई डॉ. चार्ल्स ल्यूकन्स यांनी चालविण्यास घेतला आणि तेथे बॉयलरसाठी लागणारे लोखंडी पत्रे तयार होऊ लागले. ‘कोडोरस’ या अमेरिकेत बांधलेल्या पहिल्या लोखंडी आगबोटीच्या पत्र्यांचे काम हाती आले, त्याच वर्षी, १८२५ मध्ये, चार्ल्स यांचे निधन झाले.

रिबेका तेव्हा ३१ वर्षांच्या आणि गर्भवती होत्या. पदरी मुले, डोक्यावर कर्ज. वडिलांच्या मृत्युपत्रामुळे मालकीचा वाद उभा राहिला. ‘हे स्त्रीचे काम नव्हे’, असे त्यांच्या आईचेही मत होते. तरीही त्यांनी कारभार स्वीकारला. भट्टी आणि यंत्रांवरील देखरेख दिरांकडे सोपवून खरेदी, दर, करार आणि हिशेब त्यांनी स्वतःकडे ठेवले. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात मागणी आटली, तेव्हा कामगारांना घरी न पाठवता त्यांनी कारखान्याच्या दुरुस्तीची व शेतीची कामे दिली. रोकड नव्हती तेव्हा मजुरी धान्याच्या रूपात चुकती केली. १८५४ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे कारखान्याला ल्यूकन्स हेच नाव मिळाले.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. रिबेका बालपणापासून वडिलांबरोबर कारखान्यात वावरल्या होत्या. मग त्यांचे कर्तृत्व १८२५ नंतरच का दिसले? तत्कालीन कायद्यानुसार विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करता येत नसे; तिची मिळकत पतीच्या ताब्यात जाई. विधवा आणि अविवाहिता यांना मात्र हे अधिकार होते. लंडनमध्ये १७६९ पासून कृत्रिम दगडाचा कारखाना यशस्वीपणे चालविणाऱ्या एलिनॉर कोड आजन्म अविवाहित राहिल्या, हेही येथे लक्षात घ्यावे. पेनसिल्व्हेनियात विवाहितेच्या मालमत्तेला संरक्षण देणारा कायदा झाला तो १८४८ मध्ये.

तात्पर्य, क्षमता आधीपासूनच होती. अधिकार मात्र पतीच्या मृत्यूनंतर मिळाला. आज कायद्याची ती आडकाठी आपल्यापुढे नाही. म्हणून घरच्या उद्योगात राबणाऱ्या लेकी-सुनांची नावे भागीदारीपत्रात आहेत का, हे प्रत्येकाने घरी जाऊन अवश्य पाहावे. संकट येण्याची वाट कशासाठी पाहायची?