‘हे कोठून घेतले?’

(आगरदांडा येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. तरी आज संगणकाविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. त्यास कारण आहे. जंजिरा संस्थानाविषयीची टिपणे मी अनेक वर्षे एका वहीत उतरून ठेविली. परंतु ग्रंथ कोणता, पृष्ठ कोणते, हे लिहिण्याचा आळस केला. पुढे कन्येने प्रबंधासाठी ती वही मागितली. ‘बाबा, हे कोठून घेतले?’ या तिच्या एका प्रश्नासरशी माझे सारे श्रम व्यर्थ ठरले.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली. आपल्या अभ्यासापुरती सूची ठेवणे आज त्या मानाने सुलभ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ‘कुलाबा आणि जंजिरा’ हा १८८३ चा खंड एकदा नोंदविला, की विद्यापीठास हव्या त्या पद्धतीने संगणकच संदर्भ मांडून देतो.

यासाठी तीन विनामूल्य साधने मुख्य होत. ‘मेंडली’ दोन गिगाबाइट साठा फुकट देते. परंतु तेथे खाते काढावेच लागते. २०१३ पासून तिची मालकी एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे असून, तिचा जुना संगणकीय कार्यक्रम २०२२ पासून नव्याने मिळेनासा झाला. ‘जॅबरेफ’ सारी सूची एका साध्या फाइलीत ठेवते. लाटेकमध्ये लिहिणाऱ्या गणित-विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ती विशेष सोयीची. ‘झोटेरो’ २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मास आली. तिचा फुकट साठा ३०० मेगाबाइटच. परंतु सूची आपल्याच संगणकावर राहते, खात्याची सक्ती नाही, आणि देवनागरी नोंदीही करता येतात. वर्डमध्ये लिहिणाऱ्यांस मी हीच सुचवीन.

फुकट मिळालेली प्रत्येक वस्तू आपली होतेच असे नाही. भाड्याच्या घरात धान्य साठविणाऱ्याने किल्ली कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. साधन कोणतेही घ्या. सूचीची एक प्रत मात्र स्वतःजवळ वेगळी ठेवा.

आणि हेही विसरू नका, की यंत्र ग्रंथ वाचीत नाही. चुकीची नोंद केली तर ते चूकच सुबक मांडून देईल. वाचन, पडताळणी आणि प्रामाणिकपणा ही आपलीच कामे. माझ्या वहीची गत तुमच्या प्रबंधाची न होवो, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.