शब्दांचा रतीब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या दारात रोज पहाटे दुधाचा रतीब येतो. पाऊस असो, थंडी असो, खंड पडत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्या लेखकाने जवळजवळ अर्धे शतक कथा-कादंबऱ्यांचा असाच रतीब घातला. त्यांचे नाव नी क्वांग. हाँगकाँगचे चिनी कादंबरीकार आणि स्तंभलेखक. नाव आपल्या ओळखीचे नसेल, पण त्यांची एक निर्मिती आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावर पाहिली आहे. 1972 च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या चित्रपटात चिनी माणसांना मज्जाव करणारी शांघायच्या बागेवरची पाटी ब्रूस ली लाथेने फोडतो, ते आठवते ना? त्या चित्रपटातला चेन झेन हा नायक नी क्वांग यांच्या लेखणीतून उतरला होता.

नी क्वांग यांचा जन्म 1935 चा, शांघायचा. 1949 मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. नव्या राजवटीने भारावून गेलेल्या हजारो मुलांप्रमाणे त्यांनीही सोळाव्या वर्षी शाळा सोडली, प्रशिक्षण घेतले आणि ते सरकारी सुरक्षा खात्यात दाखल झाले. जमीनवाटपाच्या मोहिमेत त्यांनी काम केले. पुढे ते आपणहून उत्तरेकडच्या अंतर्गत मंगोलियात गेले. तिथे कैद्यांकडून शेतजमीन तयार करून घेण्याचे काम चालू होते.

तिथल्या एका हिवाळ्यात जे घडले, ते त्यांनी पुढे आयुष्यभर अनेकांना सांगितले. बर्फामुळे वाटा बंद झाल्या आणि कोळसा येईना. थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जवळच्या एका लहानशा लाकडी पुलाच्या फळ्या काढून जाळल्या. नदी गोठलेलीच होती, पुलाची कुणाला गरज नव्हती. वरिष्ठांना मात्र त्यात दळणवळण तोडण्याचा कट दिसला. क्रांतीविरोधी असा शिक्का बसला. त्या काळी या शिक्क्याचा अर्थ काय होतो, हे सर्वांना ठाऊक होते. एका मित्राच्या मदतीने ते घोड्यावरून पळाले आणि रेल्वेने लपतछपत दक्षिणेकडे आले. 1957 मध्ये त्यांनी चोरट्या मार्गाने हाँगकाँग गाठले. वय बावीस, हातात पैसा नाही, पदवी नाही.

हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. चीनमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. नी क्वांग यांनी कारखान्यात मजुरी केली. तिथे वर्तमानपत्रे वाचताना त्यांना वाटले, असे तर आपणही लिहू शकतो. जमीनवाटपाच्या काळात पाहिलेल्या अनुभवांवर त्यांनी एक कथा लिहून पाठवली आणि ती त्याच वर्षी छापून आली. शीर्षक होते ‘जिवंत दफन’. मंगोलियात असे काही लिहिण्याची हिंमत कुणी केली नसती. इथे ते छापले गेले आणि वर मानधनही मिळाले. या तरुणाला त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल!

इथे तिथल्या वर्तमानपत्रांविषयी थोडे सांगायला हवे. हाँगकाँगच्या चिनी वृत्तपत्रांत एक-दोन पाने खास क्रमशः कादंबऱ्या आणि सदरांसाठी राखलेली असत. पानभर लहान लहान चौकटी, प्रत्येक चौकटीत एक लेखक. या चौकटींना लोक गमतीने ‘टोफूचे तुकडे’ म्हणत. मोबदला अक्षरे मोजून मिळे. दिवसभर राबून घरी परतणारा कामगार बोटीत, बसमध्ये आपला आवडता तुकडा आधी वाचे आणि बातम्या नंतर. कादंबरी कंटाळवाणी झाली की दुसऱ्या दिवशी अंकाचा खप घसरे, आणि संपादक ती बंद करी.

या बाजारात नी क्वांग यांनी आपला जम बसवला. तासाला काही हजार चिनी अक्षरे ते सहज लिहीत. एका वेळी डझनभर वृत्तपत्रांत त्यांच्या मालिका चालू असत. लिहिलेले पुन्हा वाचत नसत, खाडाखोड करत नसत. आपल्याला चिनी अक्षरे लिहिण्याखेरीज दुसरे काहीच येत नाही, असे ते हसत हसत सांगत. सदरे लिहिताना त्यांचे एक टोपणनाव होते ‘शा वेंग’, म्हणजे वाळूतला म्हातारा. शंख-शिंपले गोळा करण्याचा त्यांना भारी नाद होता.

1963 पासून ‘मिंग पाओ’ या दैनिकात त्यांची ‘वेस्ली’ नावाच्या साहसी नायकाची मालिका सुरू झाली. हे नाव कुठून आले? बसमधून जाताना ‘वेस्ली व्हिलेज’ अशी एका वसाहतीची पाटी दिसली, तिथून! पुढे या मालिकेत परग्रहवासी आले, विज्ञानाची कोडी आली आणि पुस्तकांची संख्या शंभराच्या वर गेली. चिनी भाषेत विज्ञानकथेचा इतका मोठा वाचकवर्ग तयार करणारे लेखक मोजकेच असतील.

‘मिंग पाओ’चे संस्थापक होते जिन योंग, चिनी भाषेतले सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार. त्यांची आणि नी क्वांग यांची दाट मैत्री. 1965 मध्ये जिन योंग परदेशी निघाले. त्यांची एक कादंबरी दैनिकात चालू होती. तिचे शीर्षक बौद्ध ग्रंथांतल्या देव, नाग आदी आठ गणांवरून घेतलेले. रतीब कसा मोडायचा? त्यांनी नी क्वांग यांना लिहायला सांगितले आणि बजावले, कोणालाही मारू नका. नी क्वांग यांनी शब्द पाळला. फक्त त्यांना न आवडणाऱ्या आ झी या मुलीला त्यांनी आंधळे करून टाकले! परत आलेल्या जिन योंग यांनी डोक्याला हात लावला असेल. पुढे पुस्तक काढताना त्यांनी नी क्वांग यांचा मजकूर वगळला, पण त्या मुलीचे अंधत्व कायम ठेवले आणि त्यावरच पुढचे कथानक रचले.

त्यांच्या धाकट्या भगिनी यी शू याही लोकप्रिय कादंबरीकार आणि सदरलेखिका. चित्रपटांसाठी नी क्वांग यांनी तीनशेहून अधिक पटकथा लिहिल्या. 1967 चा गाजलेला ‘वन आर्म्ड स्वोर्ड्समन’ त्यांतलाच.

आता कुणी म्हणेल, हे सगळे पोटासाठी केलेले लेखन. खरे आहे. त्यांनीही कधी वेगळा दावा केला नाही. पण या पोटार्थी लेखकाने 1983 मध्ये वेस्ली मालिकेत ‘ड्रॅगनचा पाठलाग’ नावाची एक कादंबरी लिहिली. तीत एका वृद्ध ज्योतिषाला ताऱ्यांवरून कळते की पूर्वेकडचे एक मोठे शहर नष्ट होणार आहे. भूकंप नाही, पूर नाही, युद्ध नाही. इमारती उभ्याच राहतील, माणसेही राहतील. ज्या गुणांमुळे ते शहर मोठे झाले, तेवढे गुण मूठभर लोकांच्या मूर्खपणाने नाहीसे होतील. शहराचे नाव कादंबरीत नव्हते. हाँगकाँग चीनला परत देण्याच्या वाटाघाटी तेव्हा चालू होत्या, त्यामुळे वाचकांना ते सांगावे लागले नाही. पुढे मुलाखतीत त्यांना विचारले, की तो गुण कोणता? त्यांचे उत्तर होते: स्वातंत्र्य, आणि त्यातही बोलण्याचे स्वातंत्र्य. बाकीची स्वातंत्र्ये त्याच्या पोटी जन्मतात.

1992 मध्ये ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि 2006 मध्ये हाँगकाँगला परतले. त्यांचा एक आवडता सिद्धान्त होता. प्रत्येक माणसाला प्रत्येक गोष्टीचा ठरावीक वाटा मिळालेला असतो. दारूचा वाटा संपला, म्हणून त्यांनी दारू सोडली. लेखनाचा वाटा संपला असे वाटले, तेव्हा 2004 च्या सुमारास वेस्ली मालिका थांबवली. कुरकुर केली नाही.

3 जुलै 2022 रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, हाँगकाँगमध्येच त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता. 2021 मध्ये ‘अ‍ॅपल डेली’ हे खपाचे दैनिक बंद पडले होते. आणि त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, 2023 मध्ये, सरकारी टीकेनंतर ‘मिंग पाओ’ने झुन्झी या व्यंगचित्रकाराची चौकट थांबवली. ती त्या दैनिकात चाळीस वर्षे, म्हणजे 1983 पासून येत होती. ज्या वर्षी नी क्वांग यांनी ती कादंबरी लिहिली, त्याच वर्षापासून!

श्रोतेहो, लेखकाचा वाटा संपला की तो आपणहून लेखणी खाली ठेवतो, यात दुःख करण्यासारखे काही नाही. वाटा शिल्लक असताना दुसऱ्या कुणी चौकट रिकामी करणे, ही वेगळी गोष्ट आहे. चार फळ्या जाळल्या म्हणून जीव घेऊन पळावे लागलेल्या माणसाला हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. म्हणूनच एका टोफूच्या तुकड्याएवढ्या जागेचे मोल त्यांना ठाऊक होते, आणि ती त्यांनी एकही दिवस फुकट घालवली नाही. उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडून आपले आवडते सदर शोधाल, तेव्हा या माणसाची आठवण जरूर काढा.