फोनवरचं कालवण



एप्रिल-मे आला की आमच्या वरळी कोळीवाड्यात दोन कामं एकदमच निघतात. एक सुक्या म्हावऱ्याचं, दुसरं मसाल्याचं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या. त्या दोन महिन्यांची बेगमी उन्हं आहेत तोवरच करायची. जवळा, बोंबील, मांदेली वाळवून डबे भरायचे. मसाल्यासाठी लालबाग गाठायचं. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मग मसाला कुटणाऱ्या डंखावर नाकाला पदर लावून उभं राहायचं आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. पूर्वी या मसाल्याच्या दोन वाटण्या व्हायच्या, घरची आणि सासरी गेलेल्या लेकीची. आता लेकीची वाटणी विमानाने जाते. माझी लेक लंडनला असते.

विमानाची वाटणी बांधणं सोपं नाही. पिशवीवर पिशवी, त्यावर चिकटपट्टी, तरी कपड्यांना वास लागायचा तो लागतोच. सुकं खोबरं तर न्यायचंच नाही. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात मोडतं. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वर्षभर बरणीत असतं, कधी पेटलं गो?" त्यांचंही खरं आहे. पण नियम तो नियम. मसाला इकडचा, खोबरं तिकडच्या दुकानातलं, असं जुळवून घ्यावं लागतं.

बोंबलाने तर युरोपातल्या साहेबांनाही कामाला लावलं होतं. इंग्रज लोक त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात, आणि तिकडच्या हॉटेलांत तो करीबरोबर पापडासारखा कुरकुरीत वाढायची पद्धत होती. १९९७च्या सुमारास युरोपीय कमिशनच्या नियमामुळे तो ब्रिटनमध्ये येणंच बंद झालं. मासा मान्यताप्राप्त कारखान्यातून आलेला हवा, असा तो नियम. आता बोंबील कुठल्या कारखान्यात तयार होतो? तो वाळवणाच्या वलांडीवर वाऱ्याने आणि उन्हाने तयार होतो. तिकडे बोंबीलप्रेमींनी चक्क मोहीम उघडली, भारतीय उच्चायुक्तालयानेही त्यात लक्ष घातलं, आणि शेवटी तोड निघाली. वाळवा उघड्यावरच, पण पॅकिंग मान्यता असलेल्या ठिकाणी करा. ही मोहीम चालवणाऱ्यांना एकदा कोळीवाड्यात जेवायला बोलवायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

म्हणजे बोंबील पोहोचला, मसाला पोहोचला. कालवण मात्र पार्सलने जात नाही. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली, तिने वाटी-चमच्याचं माप दिलं. परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या बॅगेत ती गेली. पण पुस्तकाला उलटा प्रश्न विचारता येत नाही. आणि तेव्हाचा परदेशी फोन म्हणजे मिनिटांचा हिशेब. तब्येत, पाऊस, कोणाचं लग्न, एवढ्यातच पैसे संपायचे. कालवणाला कोण वेळ देणार?

आता फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचा. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. आमची रात्रीची भांडी घासून होतात तेव्हा तिकडे संध्याकाळचा गॅस पेटतो. "आई, बोंबील किती भाजू?" हा पहिला प्रश्न. मी सांगते, वास सुटेपर्यंत. ती म्हणते, "वास सुटला तर आधी धुराची घंटा वाजेल, मग शेजारीण येईल." मग आमचं ठरलं, तव्यावर झाकण, खिडकी उघडी, आच मंद, आणि तुकडा मोडला की कट् आवाज आला पाहिजे. पुढे गरम पाण्यात भिजवायचा, पण किती? काटा बोटाला मऊ लागेपर्यंत. लसूण ठेचलेली, मसाला तेलात टाकल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं, लगेच वांग्याच्या फोडी, नाहीतर मसाला करपतो. "फोन टोपाजवळ धर," मी म्हणते, आणि रटरट ऐकून सांगते, पाणी जास्त झालंय. कोकम शेवटी.

हे सगळं मी आयुष्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या आईनेही मला सांगितलं नाही. मी तिच्या बाजूला बसून लसूण सोलायची, तेवढ्यात जे दिसलं ते शिकले. जवळ असलेल्याला कोणी काही सांगत नाही. लांब गेलेल्या लेकीने विचारलं म्हणून मला माझ्याच हाताकडे बघावं लागलं. लोक हळहळतात, मुलं परदेशी गेली, घरचं जेवण विसरली. मला उलटं दिसतं. जो घरात आहे तो आयतं जेवून उठतो. माझ्या लेकीकडे मात्र माझ्या आवाजातले निरोप साठवलेले आहेत, कोलंबीचा वेगळा, जवळ्याचा वेगळा. पाककृती सांगता सांगता मध्येच कोणाची होडी दुरुस्तीला गेली, गोलफादेवीच्या देवळात कोण आलं होतं, काकूचं गुडघ्याचं दुखणं, तेही त्यातच. नुसतं "कशी आहेस" विचारलं तर "बरी आहे" एवढंच उत्तर येतं. टोपात काहीतरी शिजत असलं की माणूस अर्धा तास बोलतो.

गेल्या पावसाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. घरी बोंबलांचा डबा भरलेला, मसाला भरलेला, आणि धाकटा मुलगा उपाशी. त्याने मला फोन केला नाही. लंडनला केला. "ताई, आईच्या कालवणाचा तो निरोप पाठव ना." तिने पाठवला, वर बजावलं, "पाणी बेताने घाल, मसाला करपवू नकोस." माझंच वाक्य, माझ्याच ओट्यावर, तिकडून फिरून आलेलं. परत आल्यावर मी उरलेलं चाखलं. मीठ थोडं कमी होतं, बाकी बरं जमलं होतं.